टॉलिव्हरांची घंटा

केंड्राला कुठं काय घालून यावं याचा पोचच नाही, असं अल्थियाबाईंचं सकाळपासून चाललं होतं. नवऱ्याला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि सून पिवळाधमक झगा घालून जहाजांच्या संग्रहालयात हजर!

अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅम्प्टनच्या खाडीत लोखंडी जहाजांची लढाई झाली, तिची आठवण म्हणून दर मार्चात इथं घरंच्या घरं जमतात. पोरं टबात चंदेरी कागदाच्या होड्या बुडवतात, आणि दुपारी त्या खलाशांच्या घराण्यातलं एकेक माणूस पुढं येऊन घंटा वाजवतं. टॉलिव्हरांची घंटा आजवर अल्थियाबाईंचा लेक रॉस्को वाजवायचा. यंदा घराण्याचं नाव पुकारलं, तशी त्याची बायको उठली.

अल्थियाबाईंनी तिच्या हातातली घंटेची दोरी हिसकावून घेतली. "खाली बस. या दोरीला टॉलिव्हरांचाच हात लागतो."

"अल्थियाबाई, दवाखान्यात त्यानंच सांगितलं होतं मला, माझ्या जागी तू वाजव म्हणून. एकदाच वाजवू द्या." केंड्रानं दोरीसाठी हात पुढं केला. "आणि लग्न करून तर तुम्हीसुद्धा टॉलिव्हर झालात ना?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. अल्थियाबाईंनी दोरी मनगटाला गुंडाळली.



"झाले की. पण माझा म्हातारा अंथरुणाला खिळलेला का होईना, जिवंत आहे. तुझं नातं आम्ही रॉस्कोबरोबरच पुरलं."