मामाची करंगळी

आतून खटका पडल्याचा आवाज आला आणि मोठा मामा हातात दुधाची बाटली घेऊन जागच्या जागी थिजला. तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. खोलीच्या दाराचं लॅच त्यानेच बसवलं होतं आणि चोराच्या बापालाही उघडता येणार नाही म्हणून गावभर मिरवलंही होतं.

दाराआड चार वर्षांची मिरी होती आणि तिचा दहा महिन्यांचा भाऊ.

“त्यात काय, हत्यारं घे आणि उघड,” धाकटा मामा म्हणाला.

“हत्यारं आत आहेत. किल्ल्याही त्याच पिशवीत.”

“आत कशाला ठेवलीस?”

“पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून! कपाटावर ठेवलीत.”

मोठा कुलुपं बसवायचा, धाकटा घरीच शिवणकाम करायचा. दोघेही सडेफटिंग. लग्नाचा विषय निघाला की दोघांनाही एकदम काम आठवायचं. आज त्यांच्या ताईचा नव्या नोकरीचा पहिला दिवस होता. जाताना ती दारातच म्हणाली होती, “आज तुम्हाला जमलं तर नोकरी धरते. नाही तर उद्या नको म्हणून कळवते. मला दुसरं आहे कोण?” आता पाच वाजत आले होते. तासाभरात ती येणार होती.

“मिरे, बाळ काय करतंय गं?” मोठ्याने जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

“उभं राहिलंय. टेबलाला धरून. वायर ओढतंय.”

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. पँटची शिलाई दाबायला त्याने इस्त्री लावली होती आणि दूध उतू चाललं म्हणून तसाच उठला होता. लोखंडी इस्त्री, चांगली जड. दाराला लागूनच्याच टेबलावर.

“दार तोड!”

“अरे, दार टेबलावर आपटेल! इस्त्री बाळाच्या डोक्यात पडेल!” मोठा दाराला चिकटला. “मिरे, राजा, उघड बघू. मी मोठा मामा.”

“चोर पण असंच म्हणतात.”

आता बोला! सकाळी तासभर त्यानेच हा धडा दिला होता. पंधरा वर्षं कुलुपांत गेलेली, मुलांना शिकवण्यासारखं त्याला दुसरं येत तरी काय होतं? दार लावून घ्यायचं. कोणी हाक मारली तरी उघडायचं नाही. चोर मामाचा आवाजसुद्धा काढतात. पोरगी एकपाठी निघाली.

“बरं, नको उघडूस. बाळाला तेवढं मागे ओढ!”

“चोराचं ऐकायचं नाही.”

धाकट्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला, दिवा गेला. झोपेसाठी पडदे ओढलेल्या त्या खोलीत अंधार झाला.

“चोराने लाईट घालवली!” मिरीने भोकाड पसरलं. तिचं ऐकून बाळानेही सूर लावला. आणि तापलेली इस्त्री काही मेन स्विच पाडून गार होत नाही. आत टेबलाचा पाय करकरला.

मोठा फरशीवर पालथा पडला. चोर कसा ओळखायचा ते त्याने शिकवलं होतं, मामा कसा ओळखायचा ते शिकवायचंच राहिलं होतं. दाराखालच्या फटीतून त्याने उजव्या हाताची करंगळी आत सरकवली.

“मिरे, ही बघ. कोणाची?”

सकाळी तिने आईच्या नेलपॉलिशने त्या नखाला लालभडक रंग दिला होता. आतलं रडणं थांबलं. फटीतल्या उजेडाशी ती खाली वाकल्याचं कळलं.

“मामाची पूर्ण लाल होती. ही अर्धीच आहे.”

मोठ्याने डोळे मिटले. दुपारी दूध आणायला जाताना, लोक हसतील म्हणून, त्याने ती घराच्या किल्लीने खरवडली होती.

“मीच खरवडली गं. लाज वाटली मला लोकांची. चुकलो. दहाही बोटांना लाव, पण आता उघड. मला भीती वाटतेय मिरे. फार भीती वाटतेय.”



“चोराला भीती नसते वाटत,” मिरी स्वतःशीच म्हणाली, आणि खटका ओढला.

दार चार बोटं उघडलं. इस्त्री टेबलाच्या कडेबाहेर अर्धी आली होती. मोठ्याने फटीतून हात घातला आणि हाताला लागेल तिथे ती धरली. मग दार हळूच आणखी लोटून, त्याच्या हाताखालून वाकून धाकट्याने बाळाला उचललं. वायर सुटली म्हणून बाळ भयंकर चिडलं.

“मी बरोबर केलं ना?” मिरीने विचारलं.

मोठा नळाखाली तळहात धरून उभा होता. ओरडावं असं त्याला फार वाटलं.

“अगदी बरोबर केलंस,” तो म्हणाला.

सहाला बेल वाजली तेव्हा दोघांचीही नखं ओली होती. धाकट्याचा काही संबंध नसताना त्याचीही. म्हणून दाराशी मिरी गेली.

“आधी करंगळी,” ती म्हणाली, आणि ताईला भरल्या पिशव्या खाली ठेवून दारासमोर ओणवं व्हावं लागलं.

आत येऊन तिने पाहिलं. दोघे भाऊ हात गुडघ्यांवर पसरून बसलेले. मोठ्याच्या तळहाताला पट्टी. धाकट्याच्या मांडीवर बाळ झोपलेलं. खोलीच्या दाराला लॅचच्या जागी एक भोक.

“काही नाही गं, जरा...” धाकट्याने सुरुवात केली.

“इस्त्री बाळावर पडता पडता राहिली, ताई,” मोठा म्हणाला. “मिरी आत अडकली होती. सगळी चूक आमची. कळवून टाक त्यांना, नाही जमत म्हणून.”

ताईने त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग वाकून बाळाच्या कपाळावर हात ठेवला, आणि मोठ्याच्या पट्टीवरही ठेवला.

“बाकीच्या दारांचे खटकेही आजच काढ,” ती म्हणाली. “आणि ती इस्त्री माझ्या नजरेला पडू देऊ नका. उद्याही मी साडेआठलाच निघणार आहे.”