बिटाचा डबा

डॉक्टरांनी यकृताला सूज आहे म्हटल्यापासून बायको संशोधकसाहेबांना रोज डब्यात बीट, गाजर आणि डाळिंबाचे दाणे भरून द्यायची. बीट दिसलं की साहेबांचं तोंड वाकडं व्हायचं; पण डबा तसाच घरी परत न्यायची छाती कुणाची होती?

प्रयोगशाळेत त्यांचा उंदरांवर प्रयोग चालू होता. आधी सगळ्यांच्या यकृताला सूज आणायची; मग निम्म्यांना बीट-डाळिंबात असतं त्या अँटिऑक्सिडंटची पूड द्यायची आणि निम्म्यांना नुसतं कोरडं खाद्य. या कोरडं खाणाऱ्यांची साहेबांना भारी दया यायची. जेवणाच्या सुट्टीत इकडेतिकडे बघत ते सगळा डबा त्यांच्या पिंजऱ्यांत रिकामा करायचे आणि स्वतः कॅन्टीनमध्ये तळलेल्या बटाट्यांवर ताव मारायचे. बायको खूश, उंदीर खूश आणि दयाळूपणाबद्दल साहेब स्वतःवरच खूश.

निकाल हातात आला तेव्हा विभागप्रमुख मॅडम चक्रावल्या. “पूड खाल्लेल्यांची सूज उतरली, ते समजलं. पण ज्यांना काहीच दिलं नाही, तेही ठणठणीत? मग तुमच्या पुडीचा गुण सिद्ध कसा करायचा? अँटिऑक्सिडंट न मिळाल्यामुळे सूज तशीच राहिलेला एक तरी प्राणी दाखवा मला!”



“एक आहे, मॅडम,” उजव्या बरगडीखाली हात दाबत साहेब पुटपुटले, “फक्त त्याच्या बायकोला कळू देऊ नका.”