गार व्हायच्या आत

मामांनी परैवर काठी मारली आणि खणखणीत आवाजाऐवजी ओल्या पुठ्ठ्यासारखं 'भद्द' झालं. पुन्हा मारली. पुन्हा भद्द. परै म्हणजे आपल्या हलगीची तमिळ बहीण, नखरे तेच. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एप्रिलची ओल लागली की कातडं रुसून बसतं आणि शेकल्याशिवाय बोलत नाही.

हॉल भीमजयंतीला आलेल्या पांढऱ्या साड्यांनी भरत चालला होता. मामांनी सवयीनं रद्दी पेपर काढला, काडेपेटी काढली.

"अहो मामा, काय करताय!" कार्यक्रमाची धुरा सांभाळणारी सीमा धावतच आली. "फायर अलार्म वाजला तर अख्खी पब्लिक कार पार्कमध्ये उभी राहील. कौन्सिल परत हॉल देणार नाही आपल्याला! टॉयलेटमध्ये हँड ड्रायर आहे ना, तो वापरा."

जेन्ट्समधला ड्रायर बंद होता. लेडीजमधला चालू होता. मामा तिथपर्यंत गेले आणि दारावरचं बाईचं चित्र बघून थबकले.

मग त्यांना सेल्वी दिसली. सेल्वी त्यांची भाची. मामांच्या परैच्या ताफ्याचे कपडे इस्त्री करणारी, व्हॅन चालवणारी, आणि दर कार्यक्रमाआधी "मामा, आज एक गाणं मी म्हणू?" असं विचारणारी. मामांचं उत्तर ठरलेलं. बायकांनी नाचावं, परैवर गाणं हे पुरुषांचं काम; बघू पुढच्या वेळी. पुढची वेळ धारावीत असताना आली नाही, स्लाऊतही येईना. आज सकाळीही तिनं विचारून झालं होतं.

"नुसती शेकायची," असं बजावून मामांनी परै तिच्या हातात दिली. काठ्या मात्र स्वतःकडेच ठेवल्या.

सेल्वीनं परै ड्रायरखाली धरली. भसाभसा गरम वारा सुटला.

"तापली का?" बाहेरून मामा ओरडले.

"कसं कळणार, मामा?"

"अगं, वाजवून बघ ना!" मामा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सेल्वीला तेवढंच हवं होतं. काठ्या नव्हत्या तर नव्हत्या, तिनं बोटं मारली. टण्ण! टाइल्सच्या चारी भिंतींनी तो आवाज झेलला आणि तिच्याकडे परत टाकला. तिच्या अंगावर काटाच आला. पण खाली हात असेल तरच ड्रायर चालायचा; हात परैवर गेला की तो थांबायचा आणि कातडं पुन्हा सुस्तावायचं. हात धुवायला आलेल्या सिंधुबाईंना ते बरोबर कळलं. जमलेल्यांत सगळ्यांत वयस्कर बाई त्याच. त्यांनी आपला ओला हात ड्रायरखाली धरला तो काढलाच नाही.

"वाजव गं पोरी. म्या हाय हितं."

ड्रायर आता एका सुरात घूं करत राहिला. मामांच्या सुरापेक्षा चांगलाच वरचा सूर. अरे, हा तर माझा सूर, सेल्वीला वाटलं. आणि तिनं तोंड उघडलं.

व्हॅन चालवता चालवता रचलेलं तिचं स्वतःचं गाणं होतं. शब्द तमिळ, कुणाला कळायचे? पण मध्येच बाबासाहेबांचं नाव आलं आणि टॉयलेटच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कुणी नळावर अंगठी वाजवली. कुणी पदर खोचला. सेल्वीची बोटं लाल झाली होती आणि इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता. आता पुढची वेळ नाही आली तरी बेहत्तर!

बाहेर सीमाचा आवाज चढला. "मामा, हॉल रिकामा झालाय! सगळे इथं कॉरिडॉरमध्ये येऊन उभे आहेत. आत गातंय कोण?"



दारावर टकटक झाली. सेल्वीचा हात थांबला. संपलं, तिनं ओळखलं. सिंधुबाईंनीही हात काढला. ड्रायर गप्प झाला.

दार वीतभर उघडलं. मामांना आत यायची सोय नव्हती, म्हणून त्यांचा नुसता हात आत आला, पार कोपरापर्यंत.

"गार व्हायच्या आत स्टेजवर चल," दाराआडून ते म्हणाले.

हातात दोन्ही काठ्या होत्या.