चालकाशिवाय

उत्कर्षा महिनाभर बोलायचं टाळत होती. खराडीच्या ऑफिसात तिची टीम ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या हार्वेस्टरचं सॉफ्टवेअर लिहीत होती, आणि आयटी पार्कमागच्या उरल्यासुरल्या शेतांतला गहू तिचे वडील, रंगनाथ आबा, अजूनही आपल्या जुन्यापुराण्या हार्वेस्टरने काढून देत होते. काचेतून ते लाल धूड दिसलं, की ती अर्धा डबा तसाच बंद करून ठेवी.

एका दुपारी तिला राहवेना. ती तडक बांधावर जाऊन उभी राहिली. मशीन बंद करून, अंगावरचा भुसा झटकत आबा खाली उतरले, तसं तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे ड्रायव्हर लागणारच न्हाई?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा." तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"क्लचबी दाबायचा न्हाई?"

"नाही."

आबा एक पाय लांब करून बांधावर टेकले.



"मग लवकर कर, बाई. दोन वर्सं झाली, गुडघा वाकत न्हाई माझा. तुला कळलं तर मशीन विकायला लावशील, म्हणून बोललो न्हाई."