विहिरीत उतरण्याआधी

विहिरीतल्या मोटारीची जाळी शेवाळानं भरली होती. ती साफ करायला उतरण्याआधी गुंडातात्या फ्यूज काढायला पेटीकडं वळले, तशी नात राजेश्वरी म्हणाली, “आवं तात्या, फ्यूज कशाला? मोटार आता मी बनवलेल्या टूलनं, म्हंजी छोट्या प्रोग्रामनं, फोनातला एआय एजंट चालू करतो. टूलसंगं त्याला वाचायला दिलेल्या माहितीत लिवलंय, विहिरीत माणूस असंल तर मोटार चालू करायची न्हाई.” “माणूस हाय, हे त्याला कळतं कसं?” “मी आत्ताच सांगितलंय.” “सांगितलेलं ऐकतो का तो?” “ऐकतो की.” “मग आज तूच उतर. मी हितं बसतो.” राजेश्वरी हसली, दोन पायऱ्या उतरली आणि काळ्या पाण्याकडं बघत थांबली. मग वर येऊन तिनंच फ्यूज उपसला. तात्यांनी हात पुढं केला. “आण हिकडं. सख्खा भाऊ पेटीपाशी उभा असला, तरी उतरताना फ्यूज माझ्याच खिशात असायचा.”