मागची कुजबुज

दुसरीतली सुगंधा घरी मोठ्याने धडा वाचायची. तिचे बाबा तो मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज तिच्या वर्गाच्या वाघमोडेबाईंना पाठवायचे. पोरगी जरा अडली, की मागून बाबांची शब्द सांगणारी कुजबुज ठरलेली.

शेवटी बाईंनी फोन केला. "दादा, ती अडली की गप्प बसा. तिचा शब्द तिला सापडू द्या."

"बघवत नाही हो बाई, तिचं अडणं."

आजच्या रेकॉर्डिंगमध्ये सुगंधा 'खळखळाट'पाशी थांबली. मागे कुजबुज नाही. कुकरची शिट्टी झाली, कोंबडी ओरडून गेली. ऐकता ऐकता तो शब्द बाईंच्याच ओठांवर आला.

"ख... खळ... खळखळाट!" आणि पुढची ओळ तिने एका दमात वाचली.

मग बाबांचा आवाज. "बाई, आईशप्पथ, मी नाही सांगितलं! तोंडात टॉवेल धरून बसलो होतो."