देवीचा हात

बावीस वर्षं मी गावोगावच्या दंडारीच्या खेळात देवीचं सोंग घेऊन नाचतोय. खेळ संपला की बाया माझी ओटी भरतात, वाकून मागणं मागतात, मी डोक्यावर हात ठेवतो. पेटीवाल्या अण्णाजींनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “मागनं पुरं ऐकून घेजो, मंगच हात ठेवजो. हात ठेवला म्हंजे देवीनं कबूल केलं.” पहिली चार वर्षं ऐकलं, पुढे रांगा लांबल्या आणि हात आपोआप जाऊ लागला. काल समुद्रपुरात रांगेत आई दिसली. पोरगा लुगडं नेसून नाचतो या लाजेनं तिनं माझा एकही खेळ पाहिला नव्हता. मला भरून आलं. तिनं ओटीत नारळ घातला, माझ्या निसटलेल्या निऱ्या खोचल्या आणि ती वाकली. “देवीमाय, माह्या पोराचं हे नाचनं आता सुटू दे.” मी दचकून खाली पाहिलं. हात केव्हाच तिच्या डोक्यावर टेकला होता.